इंटर्नशिप आणि साचेखात्याचा दरवाजा

शाळेच्या स्मरणिकेत यशवंत माजी विद्यार्थ्यांची यादी छापण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. ती वाचून पालकांचे ऊर भरून येते आणि वसतिगृहातील लहान मुलांना आपणही तेथवर पोहोचू असा विश्वास वाटतो. परंतु पदवी आणि नोकरी यांच्या मधोमध अलीकडे एक नवी पायरी उभी राहिली आहे. तिचे नाव इंटर्नशिप. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली मांडलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात उन्हाळी इंटर्नशिपला श्रेयांक दिले गेले. अनेक मोठ्या कंपन्या तर नोकरीसाठी माणसे निवडताना आधी आपल्याच इंटर्नांकडे पाहतात. या पायरीविषयी आपल्या समाजात पुरेशी चर्चा होत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेली एक विद्यार्थिनी गतवर्षी उन्हाळ्यात पुण्यातील एका मोठ्या कंपनीत दोन महिने काम करून आली. परीक्षा व मुलाखत देऊन तिने ही जागा मिळविली होती. विद्यावेतन दरमहा १५,००० रुपये ठरले होते. पण ते महिना भरल्यावर मिळणार होते. राहण्यासाठी कॉट बेसिसवर जागा मिळाली, तिचे १२,००० रुपये डिपॉझिट आणि ६,००० रुपये भाडे मात्र पहिल्याच दिवशी द्यावे लागले. आईने बचत गटातून कर्ज उचलले, तेव्हा कोठे लेक कंपनीच्या दारात उभी राहिली.

पहिल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तिला गाव विचारले गेले, मग आडनाव, मग शाळा. तिने शाळेचे नाव सरळ सांगितले. कोणी वावगे बोलले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून जेवायला जाताना तिला हाक मारणे थांबले. पुढे काम करताना बिले तयार करणाऱ्या प्रणालीत सवलतीची रक्कम दोनदा वजा होत असल्याचे तिच्या लक्षात आले. तिने ते वहीत टिपून ठेवले. बैठकीत मोठी माणसे बोलत असताना मध्ये कसे बोलावे, या संकोचात चार दिवस गेले आणि तोवर ती चूक दुसऱ्या कोणी दाखवून दिली. अखेरच्या अहवालात तिच्याविषयी शेरा आला: काम उत्तम, पुढाकार कमी. नोकरीचा प्रस्ताव इतरांना मिळाला.

हा अनुभव ऐकून कोणी म्हणेल की मुलीत आत्मविश्वासाची उणीव होती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे उत्तर अपुरे वाटते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना प्रवेश होता, पण साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, नव्हता. धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी तोंड लावावे लागे आणि तेथे विटाळाचा प्रश्न उपस्थित केला जाई. अधिक मजुरीचे खाते अशा रीतीने बंद राहिले. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. साच्याचे काम जाणत्या विणकराशेजारी उभे राहूनच शिकता येते. ज्याला शेजारी उभेच राहू दिले नाही, त्याला पुढे अकुशल ठरविणे सोपे असते. आजच्या कंपनीत हे शिकणे जेवणाच्या टेबलावर, चहाच्या वेळी आणि सहज झालेल्या गप्पांत घडते. ज्याला हाक मारली जात नाही, तो त्या साच्यापासून दूरच राहतो.

आजच्या काळात जात कोण पाहतो, असे विचारणाऱ्यांनी २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेले संशोधन वाचावे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे लोक उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीला मोठे महत्त्व देतात. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) चे संरक्षण शासकीय सेवेपुरते आहे. खासगी कंपनीच्या दारात ते आपल्यासोबत येत नाही.

यावर काही पालक म्हणतात, मग मुलांनी स्पर्धा परीक्षांचाच अभ्यास करावा. त्यांची भावना समजण्यासारखी आहे. शासकीय नोकरीने आपल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा दोन वेळची निश्चिंती आणली. परंतु मोजक्या जागांसाठी हजारो तरुण आयुष्यातील उमेदीची वर्षे एकाच दारासमोर घालवीत असतील, तर दुसरे दार आपणहून सोडून देणे शहाणपणाचे नाही. साचेखाते नको, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. ते खुले करा, असे म्हणाले.

त्यासाठी आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट निवाऱ्याची. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही हुसकावले गेले. शंभर वर्षांनंतर आपले शेकडो माजी विद्यार्थी पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद, बंगळूर येथे स्वतःच्या घरात राहतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने दर उन्हाळ्यात एका मुलाला किंवा मुलीला दोन महिने आसरा दिला, तर कोणत्याही आईला बचत गटाचे कर्ज काढावे लागणार नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये ठेवले. मोठ्या शहरात तेवढ्यात राहणे आणि जेवणे भागत नाही. पण निवारा मिळाला तर अशा योजनाही आपल्या मुलांच्या उपयोगी पडतील.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. निवासी शाळांत शिस्त आवश्यकच असते. शेकडो मुले एका छताखाली शिस्तीवाचून नांदू शकत नाहीत. तथापि शिस्त म्हणजे मौन, असा अर्थ मुलांच्या मनात रुजता कामा नये. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. ज्या शाळेत रोज वंदना होते, तेथील मुलाला वरिष्ठांसमोर “येथे चूक दिसते” असे नम्रपणे आणि निर्भयपणे म्हणता आलेच पाहिजे. परिपाठात रोज एका विद्यार्थ्याने शिक्षकांना प्रश्न विचारावा, एवढ्या साध्या उपक्रमानेही सुरुवात होईल.

तिसरी गोष्ट मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्या कंपनीत इंटर्नच्या जागा ओळखीपाळखीने भरल्या जातात की जाहिरात देऊन, विद्यावेतन वेळेवर मिळते की नाही, एवढे विचारण्याचा अधिकार त्यांना आता आहे. स्वतःची ओळख कोठे आणि किती सांगायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याची सक्ती कोणी करू नये. पण जेवणाच्या टेबलावर एकट्या पडलेल्या नव्या मुलीला हाक मारण्यासाठी स्वतःची जात सांगावी लागत नाही.

पुढील स्मरणिकेत यशवंतांच्या यादीशेजारी आणखी एक यादी छापावी, अशी माझी विनंती आहे: कोणी कोणाला उन्हाळ्यात घरी ठेवून घेतले, कोणी कोणाला काम शिकविले. या दुसऱ्या यादीची लांबी वाढत गेली, तर पहिली यादी आपोआप मोठी होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!