मिटलेले पुस्तक

“मी धडा दहा वेळा वाचला, पण परीक्षेत काहीच आठवेना!” अशी तक्रार पुष्कळ विद्यार्थी करतात. मग कोणी स्वतःला मंदबुद्धी म्हणवून घेतो, तर कोणी दैवाला बोल लावतो. मला वाटते, ही मुले स्वतःवर अन्याय करतात. दोष बहुधा बुद्धीचा नसतो, अभ्यासाच्या रीतीचा असतो. धडा दहा वेळा वाचण्यापेक्षा दोनदा वाचून पुस्तक मिटावे आणि वाचलेले आठवून पाहावे, हे अधिक हिताचे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्मरणशक्तीविषयी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्यांतले मनात किती उरले, हे तपाशी. १८८५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी पुष्कळसा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. तेव्हा विसरणे हा कोणा एकाचा कमीपणा नव्हे. तो मनुष्यमात्राच्या मनाचा धर्मच आहे.

मग उपाय कोणता? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्यांनी तो एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा केवळ वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत त्यांना सुमारे ४० टक्केच भाग आठवला. आठवून लिहिणाऱ्यांना मात्र सुमारे ६१ टक्के आठवला. नवल असे की, आपल्याला चांगले आठवेल हा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता!

असे का व्हावे? पुस्तक उघडे असले म्हणजे प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ती आपल्याला येते, असा समज होतो. पण एखाद्याचा चेहरा ओळखीचा असला, तरी त्याचे नाव ऐन वेळी ओठांवर येतेच असे नाही. नाव आठवण्याचा सराव निराळा करावा लागतो.

आपल्याकडे पूर्वी घरोघरी दिवेलागणीला मुले परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी पाटीकडे न पाहता म्हणायची आणि चुकले की वडीलधाऱ्यांनी सुधारायचे, अशी ती रीत होती. कोणी म्हणेल, ही तर घोकंपट्टी! अर्थ न समजता केलेले पाठांतर व्यर्थ, हे मलाही मान्य आहे. परंतु रोज, न पाहता आठवणे आणि चूक लगेच सुधारणे, हा त्या रीतीतील गुण टाकून देण्याजोगा नाही. त्याला अर्थाची जोड दिली म्हणजे झाले.

मुलांनो, धड्याचा एक परिच्छेद समजून वाचा. पुस्तक मिटा. वाचलेले स्वतःच्या शब्दांत आजीला किंवा धाकट्या भावंडाला सांगा. कोणी नसेल, तर वहीत लिहा. मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहा. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने तसेच करा. पुढे सांगायचे आहे, हे ठाऊक असले म्हणजे वाचताना मनही इकडेतिकडे फारसे भटकत नाही. मात्र तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या.

प्रारंभी हे जड जाईल. चार वाक्ये सांगून तुम्ही अडखळाल आणि पुस्तक उघडण्याचा मोह होईल. तो क्षणभर आवरा. अडखळून आठवण्याचे ते श्रम वाया जात नाहीत. त्यांनीच धडा मनात टिकतो.