आमची माहिती वर जाते, त्यांची खाली का येत नाही?

ऊसतोड करणाऱ्या आमच्या बायांच्या पिशव्या काढल्या जातात, हे बीडच्या वस्त्यांना आधीच माहीत होतं. देशाला ते २०१९ मध्ये कळलं. बीडमधल्या ९९ खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, असं आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. पुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

मग ही संख्या तीन वर्षं होती कुठे? प्रत्येक ऑपरेशनचा कागद दवाखान्यात होताच. पण सगळे आकडे एकत्र करून लोकांसमोर ठेवणारं कुणी नव्हतं.

आज 'तंत्रज्ञान नाही' ही सबब चालणार नाही. सप्टेंबर २०२१ पासून देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, १४ अंकी आभा क्रमांक आहे. एपीआय म्हणजे एका संगणक-प्रणालीने दुसरीकडून ठरलेल्या पद्धतीने माहिती मागून घेण्याची सोय. त्या वाटेने रुग्णाच्या संमतीने तिचे कागद एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. कोल्हापूर-सांगलीच्या फडावर आजारी पडलेल्या बाईला याचा उपयोग आहेच. पण कोणत्या दवाखान्यात किती पिशव्या काढल्या, हे या वाटेने आपल्यापर्यंत येत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, माहिती उघडी केली तर ती मुकादमाच्या हाती पडेल. भीती खरी आहे. बाईचं आजारपण मुकादमाला कळलं तर उचल नाकारली जाईल. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बाईचं नाव, गाव, आजार हे तिचं खाजगी. तिच्या संमतीशिवाय कुणालाही नाही. दवाखान्याने दर महिन्याला केलेल्या ऑपरेशनांचा आकडा आणि रुग्णांचे वयोगट मात्र सार्वजनिक. ते नावाशिवाय, एपीआयने सर्वांना खुले.

मित्रांनो, फक्त कागदावर खुलं असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९२३ मध्ये बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. तरी पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

२०२१ मध्ये कोविनचा एपीआयही खुला होता. कोडिंग येणाऱ्यांनी त्यावरून लसीचे स्लॉट शोधले. स्मार्टफोन नसलेला मजूर मागे राहिला.

म्हणून मागणी दुहेरी हवी: जिल्हा आरोग्य यंत्रणेने दवाखानानिहाय आकडे एपीआयने खुले करावेत, आणि तेच आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. संगणक शिकलेल्या आपल्या पोरापोरींनी ते दर महिन्याला तपासावेत. एखाद्या दवाखान्यात तिशी-पस्तिशीतल्या बायांचा आकडा वाढला, की त्याच महिन्यात जाब विचारता आला पाहिजे. तीन वर्षांनी विधिमंडळात उत्तर मिळालं, तरी काढलेली पिशवी परत येत नाही.

जय भीम!