लिंबाची चार पाने अळीला

फाल्गुन उतरणीला लागला की मळवलीच्या आसपासचे डोंगर पिवळे पडतात. विसापूर, लोहगडच्या उतारांवरचे गवत सुकते, ओढे आटतात. पण याच दिवसांत काटेसावर, पळस, पांगारा लाल-केशरी फुलांनी पेटून उठतात. पानांचा पत्ता नसतो, आणि साळुंक्या-बुलबुलांची मधासाठी झुंबड उडते. वसंत म्हणतात तो हाच.

तो पाहायला डोंगरच चढला पाहिजे असे मात्र नाही. मोरीजवळ एक कढीपत्ता, कुंपणाला जास्वंद आणि कोपऱ्यात कागदी लिंबाचे झाड एवढे पुरे. जास्वंदीवर शिंजीर येतो. शिंपी पक्षी दोन पाने शिवून त्यात घरटे करतो. शेवग्याची वाळलेली फांदी तोडली नाही, तर तांबट तिला भोक पाडून संसार थाटतो.

आमच्या वस्तीत या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते, "भाऊ, लिंबाला अळी लागली, कोणते औषध मारू?" माझे म्हणणे एवढेच, की हात आवरा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती बारीक अळी पुढे हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी दुपाखी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. पण ती चावत नाही, तिच्यामुळे खाजही येत नाही. कोषात जाऊन साधारण महिनाभरात तिचे फुलपाखरू होते. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू ठरवले, त्या नीलवंताच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. राज्याचा मान आपल्या परसात वाढावा, ही काय लहान गोष्ट आहे?

शिवाय शिंजीर मध पीत असला तरी पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. शिंपीही तेच करतो. औषध मारले की अळी मरते, आणि पिल्लांचा घासही जातो. मग पक्षी आले नाहीत म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. मोठे झाड चार पाने गेल्याने मरत नाही. रोप अगदी लहान असेल, तर अळ्या उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडाव्यात. कडुलिंबावर सोडू नयेत, ते त्यांचे अन्न नव्हे.

आपल्याकडे बंगल्यांभोवती हिरवळीचे गालिचे पसरू लागले आहेत. ते पाहून आपले परस कुणाला ओबडधोबड वाटेल. वाटू द्या. त्या गालिच्यावर लिंबावरच्या फुलपाखराला अंडे घालायला जागा नाही. आपल्या गळक्या डब्यात लावलेल्या कढीपत्त्यावर आहे.

पाण्याची चणचण असते हे खरे. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी झाडाला घालावे. मातीच्या पसरट भांड्यात दोन बोटे पाणी ठेवून मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे मधमाशीही त्यावर बसून पाणी पिते. पाणी रोज बदलावे, डास होणार नाहीत.

भगिनींनो, येत्या रविवारी मुलांना घेऊन लिंबाची पाने उलटून पाहा. बारीक पिवळसर मण्यासारखे अंडे दिसले, तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढचे मुलेच तुम्हाला सांगतील.