इतिवृत्ताविना अविश्वास

नांदगाव नगरपरिषदेची २०१६ नंतरची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घातले असतानाही मधली काही वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची कथा याहून वेगळी नाही. ठराव मांडणारा, संमत करणारा आणि अमलात आणणारा एकच अधिकारी, अशी ती व्यवस्था होती. आता सभागृहात पुन्हा लोकप्रतिनिधी बसले आहेत. अशा वेळी नगराध्यक्ष कोणत्या पक्षाचा, यापेक्षा सभागृहात जे ठरेल ते गावाला कसे कळणार आणि चुकणाऱ्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात दुरुस्ती करण्याचा निर्णय घेतला. तोवर नगरसेवकांनी नगराध्यक्षाविरुद्ध मागणी करावी आणि शेवटचा शब्द शासनाचा असावा, अशी रीत होती. या निर्णयाने दोन-तृतीयांश नगरसेवकांच्या मताने नगराध्यक्षाला दूर करण्याची वाट मोकळी केली. अधिकार मंत्रालयातून सभागृहात यावा, हे तत्त्वतः योग्यच आहे. १९९९ मध्ये जकात गेल्यापासून लहान नगरपरिषदा मुख्यतः शासकीय अनुदानावर अवलंबून आहेत. ज्याच्या हाती अनुदान त्याच्याच हाती पदच्युती असली, म्हणजे नगराध्यक्ष मतदारांकडे पाठ आणि मंत्र्यांकडे तोंड करून उभा राहतो.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. म्हणजे आज त्याला निवडते सारे गाव आणि काढू शकतात मूठभर नगरसेवक. थेट निवडलेल्या सरपंचाच्या बाबतीत ग्रामपंचायत कायद्याने अधिक विचार केला आहे. तेथे सदस्यांनी संमत केलेला अविश्वास ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गावकरी गुप्त मतदानाने त्याचा निकाल लावतात. नांदगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यातील मतदाराला जो अधिकार आहे, तो नांदगाव शहरातील मतदाराला का नसावा? शहरात राहायला आल्याने नागरिकत्व उणे होत नाही.

शिवाय अविश्वासाला आधार कशाचा? सभागृहात कोण काय बोलले, कोणी बाजूने मत दिले, कोणी विरोध केला, याची खरी नोंद नसेल, तर पदच्युती ही केवळ फोडाफोडीची बेरीज ठरते. नगरपरिषदांच्या कारभारात ‘ऐनवेळचे विषय’ नावाची एक सोयीची पळवाट आहे. विषयपत्रिकेत नसलेला खर्च तेथून शिरतो, पुढील सभेत ‘मागील इतिवृत्त कायम’ असे एका वाक्यात उरकले जाते आणि कागदावरचा ठराव प्रत्यक्ष चर्चेशी जुळतो की नाही, हे कोणी पाहत नाही. गिरणा धरण ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या गावाला पाण्यासाठी दिवस मोजावे लागत आले. पाइपलाइनच्या प्रत्येक ठरावाचा हिशेब मागण्याचा हक्क येथल्या माणसाहून अधिक कोणाला असेल?

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर खर्च करण्याच्या ठरावाला बत्तीस नियुक्त सदस्यांपैकी त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव त्यांच्या विरोधाने अडला नाही, तरी तो विरोध महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला. ‘ठराव सर्वानुमते संमत’ या तीन शब्दांखाली असे किती विरोध आजवर पुरले गेले असतील!

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. इतिवृत्ताचा मसुदा सात दिवसांत नगरपरिषदेच्या फलकावर लागावा. मतदान नावानिशी नोंदवले जावे. खर्चाचा कोणताही विषय ऐनवेळी घेतला जाऊ नये. अविश्वास ठरावात कारणे इतिवृत्तातील नोंदींच्या आधारे लिहिली जावीत आणि अंतिम निर्णय मतदारांनी गुप्त मतदानाने करावा. उघड्या नोंदीमुळे सदस्य मोकळेपणाने बोलणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. जो सदस्य लोकांदेखत बोलू शकत नाही, त्याने लोकांच्या पैशावर मत तरी का द्यावे?

कायद्यात बदल होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सभांचे इतिवृत्त जनतेला उपलब्ध आहे की नाही, हे स्वतःहून जाहीर करण्याचे बंधन माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने घातलेलेच आहे. प्रत्येक सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागणे आणि ती प्रभागातील चौकात मोठ्याने वाचून दाखवणे, हे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपल्याकडे घ्यावे. मोर्चाइतके ते डोळ्यांत भरणारे नाही. पण मोर्चात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी याच वहीत शोधावे लागते.