'स्वीकारा' म्हणे!

मंडळी, हल्ली कुठलंही संकेतस्थळ उघडा, मजकुराच्या आधी एक पट्टी आडवी येते. 'आम्ही कुकीज वापरतो.' शेजारी 'स्वीकारा'चं ठसठशीत बटण. नकार द्यायचाय? मग 'पर्याय पाहा' नावाच्या बोळात शिरा आणि एकेक खूण काढत बसा. याला म्हणे संमती म्हणायचं!

मुळात कुकीशी माझं भांडण नाही. वेब सर्व्हरला स्मरणशक्तीच नसते. दुसरं पान उघडलं की तुम्ही त्याला पुन्हा अनोळखी. म्हणून १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसंच. नुसता नंबर. तो नसेल तर लॉगिन टिकणार नाही. ठेवा की खुशाल!

राग आहे तो थर्ड पार्टी कुकीवर. बातमीच्या पानावरची जाहिरात भलत्याच कंपनीकडून येते आणि येताना स्वतःचा बिल्ला तुमच्या ब्राउझरला अडकवून जाते. मग तीच कंपनी औषधांच्या पानावर, नोकरीच्या, लग्न जुळवण्याच्याही. सगळीकडे नंबर तोच. तुमचं नाव कळलं नाही तरी तिचं अडत नाही. कुणी काय वाचलं, काय शोधलं, सगळं एका वहीत जमत जातं.

"आम्हाला काय लपवायचंय?" हा आमच्या घरातला लाडका प्रश्न. अहो काका, मधुमेह असणं हा काही गुन्हा नाही. पण म्हणून तुमचा रिपोर्ट सोसायटीच्या फलकावर लावाल का?

सफारीने २०२० मध्ये या कुकीज सरसकट अडवल्या. गूगलनेही त्याच वर्षी क्रोममधून त्या काढू असं सांगितलं, मग तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेतच गुंडाळला. ज्याचं पोटच जाहिरातींवर, तो दुसरं काय करणार... असो.

फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण? स्वीकारायला एक क्लिक, नाकारायला अनेक. आपल्या २०२३ च्या कायद्यातही संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं, असं लिहिलंय. मग 'नको'चं बटण त्याच पट्टीवर, त्याच आकाराचं द्यायला काय होतं?

ते येईल तेव्हा येवो. क्रोमवाल्यांनो, आजच सेटिंग्जमध्ये 'थर्ड पार्टी कुकीज' शोधा आणि ब्लॉक करा. एखादं संकेतस्थळ कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि काका, तुमच्या मशीनवर मी रविवारी येऊन करून देतो.