मालकाला मोकळे रान, वैमानिकाला बारा महिन्यांची बेडी

आपल्या समाजात हल्ली एक नवीच देशभक्ती बोकाळली आहे. मुलगा संगणकात असला आणि अमेरिकेला गेला, की वार्षिक संमेलनात शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो आणि आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवले जाते. तोच मुलगा वैमानिक असला आणि दुबईच्या किंवा दोहाच्या विमान कंपनीचे पत्र घेऊन घरी आला, की हीच मंडळी चेहरा गंभीर करून म्हणतात, "अरे, देशाला वैमानिकांची गरज आहे. पैशासाठी जायचं का?" देशाला इंजिनिअरांची गरज नव्हती काय? विमान उडवणाऱ्याचे दिरहम तेवढे पाप, आणि कॅलिफोर्नियातले डॉलर म्हणजे महाकाळाचा प्रसाद?

विषय हवेतला नाही. इंदूरला १९५१ पासून फ्लाइंग क्लब आहे. आपल्या देवास रोडवरच्या दताना धावपट्टीवर शिकाऊ विमाने घिरट्या घालताना या शहराने पाहिली आहेत. माळव्यातल्या मराठी घरांतून मुले आणि मुलीही या व्यवसायात जाऊ लागल्या आहेत. आणि ही मुले तिथे कशी पोचतात, हे उपदेश करणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावे. बारावीला भौतिक आणि गणित हवे, पहिल्या दर्जाची वैद्यकीय तपासणी हवी, सरकारी परीक्षांचे पेपर हवेत आणि दोनशे तासांचे उड्डाण हवे. तेव्हा कुठे व्यावसायिक परवाना हातात पडतो. पण तेवढ्याने नोकरी मिळत नाही. एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग वेगळे, त्याचा खर्च वेगळा. सगळे मिळून पन्नास लाखांच्या पुढे आकडा सहज जातो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे काय, तर आजोबांनी बांधलेले घर! फ्रीगंजमधले किंवा जुन्या उज्जैनमधले घर बँकेत गहाण टाकून आईवडील मुलाला आकाशात पाठवतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरला "जनतेच्या पैशाने शिकलास" असे म्हणता येईल. वैमानिकाला ते म्हणायची सोय नाही. तो बहुधा बापाच्या घरावर शिकलेला असतो.

आता या मुलाने नोकरी बदलायची म्हटली तर काय होते? आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २००५ साली नियम केला, की वैमानिकाने नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिन्यांची नोटीस द्यावी. ऑगस्ट २०१७ मध्ये कमांडरसाठी ही मुदत बारा महिने केली. सहवैमानिकाला सहा महिने ठेवले. कंपनी राजी असेल तर मुदत कमी होऊ शकते, म्हणजे किल्ली पुन्हा कंपनीच्याच हातात. कोणती परदेशी कंपनी एका माणसासाठी वर्षभर जागा रिकामी ठेवते? हिशेब सरळ आहे. जाऊ नका असे कोणी म्हणत नाही, फक्त जाता येऊ नये अशी व्यवस्था केली आहे.

नियमामागे कारण नाही असे आम्ही म्हणणार नाही. वैमानिक एकगठ्ठा निघून गेले तर उड्डाणे रद्द होतात, प्रवासी विमानतळावर अडकतात, नवा माणूस तयार करायला आठ-नऊ महिने लागतात, असे महासंचालनालयाचे म्हणणे. प्रवाशाचे हाल खोटे नाहीत. पण मग डिसेंबर २०२५ मध्ये काय झाले? इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, एकाच दिवशी हजाराच्या वर. विमानतळांवर सामानाचे डोंगर साचले, लग्नाची वऱ्हाडे जमिनीवर झोपली. तेव्हा वैमानिक पळून गेले होते काय? नाही. वैमानिकांना आठवड्याला सलग छत्तीस तासांऐवजी अठ्ठेचाळीस तास विश्रांती द्या आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणा, असा नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला होता. कंपन्यांनी कुरकुर केली म्हणून तो लांबला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत तो लागू झाला. तयारीला पावणेदोन वर्षे मिळूनही देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला पुरेशी माणसे उभी करता आली नाहीत. आणि सरकारने केले काय? त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली! वैमानिकाला बारा महिन्यांत एक दिवस माफ नाही. कंपनीला मात्र झोपेच्या नियमातूनही सूट. हा न्याय कोणत्या पंचांगातला?

मालकांच्या नोटिशीचीही चौकशी करू. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली तेव्हा लोकांचे पगार कित्येक महिन्यांचे थकले होते. तिचे मालक विजय मल्ल्या २ मार्च २०१६ रोजी देश सोडून गेले. त्यांनी किती महिन्यांची नोटीस दिली होती? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली. वैमानिकांना त्या वर्षीचे पगार मिळालेले नव्हते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला, तोवर साडेपाच वर्षे लोटली होती. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये एका दिवसात सांगितले, उद्यापासून उड्डाणे बंद. दहा-अकरा वर्षांत तीन मोठ्या कंपन्या बुडाल्या. त्या घरांचे हप्ते कोणी भरले हे विचारायला कोणी गेले नाही. उज्जैनकरांना हे नव्याने सांगायला नको. विनोद मिल, हिरा मिल आठवत असलेले लोक अजून आपल्यात आहेत. भोंगा बंद झाला की मालक कुठे असतो आणि कामगार कुठे असतो, हे या गावाने पाहिले आहे.

इतके असून सरकारचे समाधान नाही. २०२५ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मॉन्ट्रियल अधिवेशनासाठी भारताने एक निवेदन दिले. त्याचा आशय असा, की परदेशी कंपन्या आमची अनुभवी माणसे ओढून नेतात, त्यामुळे आमच्या विमान वाहतुकीच्या वाढीला अडथळा येतो, म्हणून देशादेशांत भरतीची आचारसंहिता हवी. वाचून आम्हांला गंमत वाटली. २००० नंतरच्या दशकात आपल्याच कंपन्यांनी परदेशी कप्तान तात्पुरत्या परवानग्यांवर आणले, आणि ते इथल्यांपेक्षा जास्त पगारावर! तेव्हा कोणत्या देशाच्या वाढीला अडथळा झाला होता? आपण आणली ती गुणवत्ता, दुसऱ्याने नेली ती पळवापळवी.

एवढे म्हटल्यावर काही वाचक समजतील की आम्ही मुलांना आखाताचे तिकीट काढून देत आहोत. तसे नाही. सरकारवर जेवढा राग, तेवढीच शंका आम्हांला त्या चकचकीत पत्रांचीही आहे.

अमिरातीत पगारावर आयकर नाही हे खरे. घरभाडे, मुलांच्या शाळेची फी, मोठी विमाने, लांबचे मार्ग हेही खरे. पण तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्या मुदतीत गाशा गुंडाळायचा. २०२० साली करोनात एमिरेट्सने शेकडो वैमानिकांना घरी पाठवले. जून २०२५ मध्ये कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे आली आणि दोहाचे आकाश काही तास बंद झाले, त्या रात्री उज्जैनच्याही काही घरांत कोणी झोपले नसेल. थकव्याचा रोगही फक्त भारतातला नाही. मार्च २०१६ मध्ये फ्लायदुबईचे विमान रशियात रोस्तोव्हला पहाटेच्या अंधारात कोसळले आणि ६२ माणसे गेली. चौकशीने कारणे वेगळी दिली, पण आखातातल्या वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांवर तेव्हा जगभर लिहिले गेले.

आणि कोवळ्या मुलांसाठी सर्वांत मोठा प्रश्न पगाराचा नाहीच, खुर्चीचा आहे. डावीकडची खुर्ची कप्तानाची. विमान कंपनीत ज्येष्ठता नोकरीला लागल्याच्या तारखेपासून मोजतात. नव्या कंपनीत गेला की रांगेच्या शेवटी. इथे एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांच्या खरेदीची घोषणा केली. ती विमाने येतील तशी कप्तानांची गरज वाढणार. ज्याच्या खात्यात हजारभर तास आहेत, ज्याचा पंधराशे तासांचा एअरलाइन परवाना अजून व्हायचा आहे, त्याने घाईने उडी मारली तर तिकडे कित्येक वर्षे उजव्या खुर्चीत बसून राहण्याची पाळी येऊ शकते. आमचे मत विचाराल तर असे: आधी इथे डावी खुर्ची मिळवा, कमांडचे तास वहीत चढवा, घराचे तारण सोडवा आणि मग खुशाल जा. जाताना भारतीय परवाना आणि वैद्यकीय जिवंत ठेवा. करारात बाँड किती वर्षांचा, टाइप रेटिंगचे पैसे कोणाच्या नावावर, आजारपणाने परवाना गेला तर विमा किती, कपातीत आधी कोण जाणार, हे इंग्रजी बारीक अक्षर आकड्याच्या आधी वाचा. आईवडिलांनी तर नक्कीच वाचावे, कारण सही मुलाची असली तरी घर त्यांचे आहे.

पण हा सल्ला झाला, बंदी नव्हे. सल्ला न मानण्याचा अधिकार ज्याचा त्याला.

देशसेवेच्या नावाने कोणी कप्तान दीपक वसंत साठे यांचे नाव घेते. नागपूरच्या घरातला हा माणूस, आधी वायुदलात, मग एअर इंडियात. ७ ऑगस्ट २०२० ला करोनात अडकलेल्या लोकांना दुबईहून परत आणताना कोझिकोडच्या धावपट्टीवर ते आणि त्यांचे सहवैमानिक गेले. त्यांना आमचा नमस्कार. पण त्यांचे नाव घेऊन शेजारच्या मुलाला हिणवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्या विमानातले बहुतेक प्रवासी आखातात पोटासाठी गेलेले लोक आणि त्यांची कुटुंबे होती. तेही देशद्रोही होते काय? (काही जणांची मजल तर याहून पुढे जाते. १८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवले होते, तेव्हा विमानविद्या मुळात आपलीच, ती परक्यांना का द्यायची, असा युक्तिवाद एका बैठकीत ऐकला. त्या उड्डाणाचा पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही. असो.)

मुलींच्या बाबतीत तर आपली देशभक्ती अधिकच सोयीस्कर होते. "एकटी मुलगी, मुसलमान देश, लग्नाचं काय?" हे खरे मनातले, आणि "देशाला गरज आहे" हे ओठांवरचे. सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचे सर्व-महिला पथक घेऊन फोकर विमान उडवले. त्याला चाळीस वर्षे झाली. चाळीस वर्षांनंतरही मुलीच्या करारातली कलमे वाचण्याऐवजी आपण तिची पत्रिका वाचत बसणार असू, तर तिने आपले ऐकू नये.

शेवटी आपण कोण आहोत, तेही पाहू. आपले पूर्वज अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून इथे आले ते क्षिप्रेच्या तीर्थस्नानाला नव्हे, चाकरीला! महाकाळाचे देऊळ पुन्हा उभे करणारे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर कोकणाकडचे. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवला तेव्हा अर्धी घरे दरबारामागे गेली, अर्धी इथेच राहिली. पुण्यात मागे राहिलेल्या भावकीने तेव्हा आपल्याला काय म्हटले असेल? आणि आपल्याच गावचे विष्णु श्रीधर वाकणकर, भीमबेटकाच्या गुहाचित्रांचा शोध लावणारे, देशोदेशी हिंडले आणि १९८८ साली सिंगापूरला वारले. ते उज्जैनचे राहिले नाहीत असे कोणी म्हणून दाखवावे.

म्हणून आता मुद्द्याचे. दतानाच्या धावपट्टीचा विमानतळ करण्यासाठी २०२५ साली राज्य सरकार आणि विमानतळ प्राधिकरण यांच्यात करार झाला. २०२८ च्या सिंहस्थाची घाई आहे, त्यामुळे पुढारी येतील, फिती कापतील, विमानांची भाषणे करतील. डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री झालेले मोहन यादव उज्जैन दक्षिणचेच आमदार. फीत कापायला येणाऱ्या प्रत्येकाला, आणि मत मागायला दारात येणाऱ्या खासदारकीच्या उमेदवाराला, पक्ष न पाहता तीन गोष्टी विचाराव्यात. वैमानिकाची नोटीस बारा महिन्यांवरून तीनवर का आणत नाही? कंपनीने दोन महिने पगार थकवला तर वैमानिक त्याच दिवशी मोकळा, असा स्पष्ट नियम का करत नाही? आणि विश्रांतीच्या नियमातून पुन्हा कोणाला सवलत देणार नाही, हे लिहून देता काय?

या मजकुराचे निवेदन आम्ही खासदारांकडे आणि केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे पाठवत आहोत. सह्यांचे कागद समाजाच्या कार्यालयात संध्याकाळी ठेवलेले असतील. ज्यांच्या घरी परदेशी कंपनीचे पत्र आले आहे त्यांनी ते सोबत आणावे. आपल्यात निवृत्त वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ते बसून कलमे वाचून देतील. उपदेश करायला येणाऱ्यांनीही यावे, मात्र त्यांनी गहाण पडलेल्या घरांच्या हप्त्याचा आकडा आधी विचारून घ्यावा.