नळाला जोडलेली तार आणि अर्थिंगचा भ्रम

जुन्या वाड्यांत आणि चाळींत पाण्याच्या जीआय पाइपला तांब्याची तार गुंडाळून तिलाच अर्थिंग मानले जाते. समर्थन ठरलेले आहे: पाइप जमिनीत दूरवर पुरलेला, त्याहून चांगली अर्थिंग कोणती? शिवाय इतक्या वर्षांत कोणाला शॉक बसला नाही.

यातला पहिला मुद्दा एके काळी अर्धा खरा होता. रस्त्यातली वाहिनी बिडाची आणि घरापर्यंतचा पाइप लोखंडी, तोवर प्रवाहाला जमिनीची वाट मिळत असे. आता प्लंबर गंजलेला तुकडा काढून पीव्हीसी बसवतो आणि ती वाट तिथेच तुटते. वायरमनला त्याचा पत्ताही नसतो. दुसरा मुद्दा तर पुरावाच नव्हे. अर्थिंगची परीक्षा बिघाडाच्या दिवशीच होते, त्याआधीची वर्षे काहीच सिद्ध करत नाहीत.

पाइप अखंड असला तरी हिशेब जुळत नाही. समजा, पाइपचा जमिनीशी रोध २० ओहम आणि रोहित्राच्या अर्थिंगचा २ ओहम आहे. गिझरची फेज त्याच्या पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्टवर सुमारे १० अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही, आणि नळ व जमीन यांच्यात २०० व्होल्टहून अधिक दाब राहील. सामायिक पाइपवर तो दाब शेजाऱ्याच्या नळातही उतरेल. आयएस ३०४३ ही भारतीय मानक संहिता पाण्याच्या पाइपला ग्राहकाचे अर्थ इलेक्ट्रोड म्हणून वापरू देत नाही, ते उगाच नव्हे.

मात्र यावरून पाइपला तारच जोडू नये असा निष्कर्ष काढणे ही उलट्या बाजूची चूक आहे. अर्थिंगचे काम दोषप्रवाहाला वाट देण्याचे. बॉंडिंगचे, म्हणजे पाइपसारखे धातूचे भाग मुख्य अर्थिंगला जोडण्याचे, काम घरातले सगळे धातू एका पातळीच्या दाबावर ठेवण्याचे. ओल्या अंगाने एक हात गिझरला व दुसरा नळाला लागला, तरी दोहोंत दाबाचा फरक नगण्य असेल तर शरीरातून घातक प्रवाह वाहत नाही.

बॉंडिंगमुळे बिघाडाचा दाब सगळीकडे पसरतो, हा आक्षेप खोटा नाही. पण तो लागू पडतो मुळात अर्थिंग कच्ची असलेल्या घराला. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी स्वतंत्र अर्थिंग, मग धातूचा पाइप घरात शिरतो तिथे, फाटे फुटण्याआधी, रंग व गंज खरवडून क्लॅम्प. मुख्य बॉंडिंगची तांब्याची तार किमान ६ चौरस मिलिमीटरची हवी आणि ती मुख्य अर्थिंगच्या पट्टीपर्यंत अखंड जावी.

सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र, हवाच. वरच्या उदाहरणातले १० अँपिअर एमसीबीला कमी पडले, आरसीसीबीला ते शेकडो पटींनी पुरेसे आहेत. तरीही ते यंत्र आहे, अडकू शकते. आणि त्याचे टेस्ट बटण फक्त यंत्र तपासते, अर्थिंग नव्हे.

सगळी नळजोडणी प्लास्टिकची असेल तर टोकाच्या सुट्या धातूच्या नळाला तार जोडण्याचे कारण उरत नाही. तिथली तार बिघाडाचा दाब नळापर्यंत आणून सोडेल, एवढेच.